चोवीस आणि सोळा

३ फेब्रुवारी, सोमवार

जुनी वही भरली, म्हणून ही नवी. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा नियम तोच आहे: रोज लिहिलं नाही तरी चालेल, अक्षर कसंही असलं तरी चालेल, पण थापा मारायच्या नाहीत. चार वर्षं हा नियम पाळतोय. एवढ्या वर्षांत पाळलेला दुसरा नियम आठवत नाही.

आज ताईच्या कारखान्यात पहिला दिवस. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक मोरी आणि मागे पत्र्याची शेड. केक-बिस्किटांत घालायचं इसेन्स इथे तयार होतं आणि बेकऱ्यांना जातं. संत्र्याचं सगळ्यात जास्त खपतं. भावजी गेल्यापासून ताई एकटीच सगळं ओढतेय. तिचे गुडघे आता कॅन उचलू देत नाहीत, आणि मला काम हवं होतं.

इसेन्सला स्पिरिट लागतं. खाण्यात जाणारं, म्हणून शुद्ध. पाणी घातलं की सरळ पिता येईल असं. घरात मला खोकल्याचं औषधसुद्धा बायको मोजून देते, आणि इथे ताईने पहिल्याच दिवशी स्पिरिटच्या खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देते आहे," असं काही म्हणाली नाही. "कुलूप जरा अडतं, वर उचलून फिरव," एवढंच म्हणाली. मला त्याचं फार बरं वाटलं.

बायकोला बरं वाटलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात आहे, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते, त्यामुळे तिच्यासमोर काही लपत नाही. काल रात्री म्हणाली, "ताईंना वेड लागलंय. तुम्हालाही." मग दिवा मालवून म्हणाली, "माझं जे ठरलंय ते ठरलंय." ठरलंय ते असं: पुन्हा एकदा प्यायलो, तर ती भावाकडे जाणार आणि परत येणार नाही. एकदा गेली होती. परत आली ती ह्याच अटीवर.

संध्याकाळी घरी पोचलो की दार तीच उघडते, आणि वास कळेल एवढीच जवळ येते. मीही क्षणभर थांबतो. मग ती आत जाते. चार वर्षं हे असं चाललंय. त्यावर आम्ही बोलत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईची पद्धत बघून मी डोक्याला हात लावला. चोवीस लिटर स्पिरिट, सोळा लिटर पाणी, स्टीलच्या ड्रममध्ये ओतायचं, ढवळायचं, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी संत्र्याचं तेल घालायचं आणि बाटल्या भरायच्या. किती झालं ते कोणी बघतच नाही. "चोवीस आणि सोळा चाळीस. त्यात बघायचं काय?" ती म्हणाली.

"आणि बाटल्या किती भरतात?"

"भरतात तेवढ्या भरतात. थोडं सांडतं, थोडं उडतं."

मी बावीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचले. शेवटच्या वर्षी मीटरपर्यंत न जाता बारमध्ये बसूनच आकडे भरायचो, आणि एकदा अख्ख्या गल्लीला एकाच आकड्याचं बिल गेलं, तिथेच नोकरी संपली. पण आधीची एकवीस वर्षं माझा आकडा कधी चुकला नाही. तेव्हा ठरवलं, इथे सगळं मोजायचं. उद्या कोणी बोट दाखवलं तर मला आकडा दाखवता आला पाहिजे. ज्याच्या पूर्वायुष्यात माझ्यासारखी भोकं आहेत त्याने तरी "थोडं उडतं" असं म्हणू नये.

दुपारी लाकडाची एक सरळ पट्टी तासली. ड्रममध्ये एकेक लिटर पाणी ओतत गेलो आणि प्रत्येक लिटरला पट्टीवर खाच केली. एका लिटरला साधारण बोटभर उंची. चाळिसाव्या खाचेला लाल रंग दिला. ताईला हसू आवरेना. "शाळेत असतास तर पहिला आला असतास," म्हणाली. शाळेत मी पहिला कधीच आलो नव्हतो, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझ्या हातची पहिली भरणी. संध्याकाळी ओतलं, ढवळलं, पट्टी बुडवली. एकोणचाळीस.

ओतताना मोजण्यात चूक झाली असणार. एक कॅन नीट भरला नसेल. ड्रम हाताला कोमट लागत होता, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा. शेडचा पत्रा दिवसभर तापतो, त्याने असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पट्टी पुन्हा बुडवली तर एकोणचाळीसच्याही खाली. जवळजवळ पाव लिटर रात्रीत गेलं. झाकण जसंच्या तसं, कुलूप जसंच्या तसं.

ताईला सांगितलं नाही. लाल खुणेपर्यंत पाणी घातलं आणि मग तेल. पहिल्याच भरणीला "कमी भरलं" म्हणून कसं सांगणार? तेही मी? थापा मारायच्या नाहीत असा नियम आहे, म्हणून इथे लिहितो: ही थापच झाली, फक्त न बोलता मारलेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी भरणी. प्रत्येक कॅन डोळ्याच्या रेषेत धरून मोजला. खाली परात ठेवली होती, तीत चमचाभरसुद्धा सांडलं नाही. मिसळलं, पट्टी बुडवली. एकोणचाळीस.

एक लिटर. मधल्या काळात मी कुठे होतो? इथेच. दार लावून, एकटा, स्पिरिटच्या वासात. सुरुवातीला तो वास नाकात बसायचा, आता येतच नाही. हे चांगलं की वाईट ते डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

निघताना किल्ली ताईकडेच ठेवली. "माझ्याकडून हरवेल," असं कारण दिलं. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली असं वाटलं, पण तिचा नवा चष्मा आहे, त्यामुळेही असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आणखी पाव लिटर कमी. किल्ली रात्रभर ताईच्या उशाखाली.

बसमध्ये खिसे तपासले. मग घरी कपाट, बुटांचे खोके, सायकलीच्या सीटखालची जागा. पूर्वी दुसऱ्या किल्ल्या करून घेण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बायको कपाटाला कुलूप लावायची आणि माझ्याकडे त्या कुलपाच्या दोन किल्ल्या असायच्या. किल्ली सापडली नाही. पण लपवायला शिकलेला मी, शोधायलाही मीच, तेव्हा न सापडण्याने काय सिद्ध होतं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

उडून जातं का, ते एकदाचं बघायचं ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी ड्रममध्ये नुसतं स्पिरिट भरलं, चोवीस लिटर, झाकण घट्ट. आज सकाळी पट्टी बुडवली. चोवीस. दोन रात्रींत एक थेंब उडाला नाही.

मग पट्टीवरच शंका घेतली. ड्रम धुतला, चोवीस लिटर पाणी ओतलं, त्यात आणखी सोळा लिटर पाणी ओतलं. बरोबर लाल खुणेवर, चाळीस. पट्टीचा दोष नाही.

ड्रम गळत नाही, स्पिरिट उडत नाही, पट्टी खोटं बोलत नाही. उरलो मी. शनिवारी स्पिरिटला हात लागला नाही, कारण शनिवारी परीक्षा आहे हे मला माहीत होतं. परीक्षेच्या दिवशी मी नेहमीच शहाणा असतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तापाने घरी. दोन दिवस अंथरुणात. बायकोने रजा काढून पेज करून दिली आणि तापाचं निमित्त करून चार वेळा तोंड उघडायला लावलं. घसा बघते म्हणाली.

ताईचा फोन आला. भरणी तिनेच केली. मी जीव मुठीत धरून विचारलं, "कमी भरलं का गं?"

"कशाला कमी भरेल? छान झालं. बाटल्या भरून ठेवल्या."

म्हणजे मी नसतो तेव्हा कमी भरत नाही. मला जे कळायचं ते कळलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहितो. लिहायलाच हवं.

मी पूर्वी प्यायचो तेव्हा मला आठवायचं नाही. लोकांना वाटतं हे निमित्त असतं. निमित्त नव्हे. एकदा सकाळी माझे बूट फ्रिजमध्ये सापडले, नीट पुसून, नाड्या बांधून, अंड्यांच्या शेजारी. ठेवले मीच. आजतागायत आठवत नाही. दुसऱ्यांदा मी शेजाऱ्यांकडे जाऊन तासभर गप्पा मारल्या होत्या, आणि ते म्हणाले, छान बोललास हो. त्या गप्पांतला एक शब्द मला आठवत नाही. तेव्हा आज "मला आठवत नाही, म्हणजे मी प्यायलो नाही," असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

चहा जास्त होतो की काय, झोप लागत नाही. बायकोला म्हटलं, आजपासून तू दाराच्या बाजूला झोप, मला भिंतीकडून वारा बरा लागतो. भिंतीकडून कसला वारा? रात्री उठून निघालो तर तिला ओलांडून जावं लागावं, एवढंच. ती बाजू बदलून झोपली. ह्या आठवड्यात दोनदा भावाकडे जाऊन आली. वहिनीला बरं नाही म्हणे.

ताई हल्ली फार प्रेमाने वागते. दुपारी स्वतः येऊन डोकावते, लवकर घरी जा म्हणते. तिच्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजची भरणी अशी केली: ओतताना मोठ्याने अंक म्हणत राहिलो, म्हणजे तोंड रिकामं राहणार नाही. एक ते चोवीस, मग एक ते सोळा. अंक एकदाही तुटला नाही. तोंडाला काही लागलं नाही.

निदान लागलं नाही असं वाटतं.

एकोणचाळीस.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं बाहेर आलं.

सकाळी मोठ्या बेकरीचा मालक खोकं घेऊन आला आणि ताईच्या टेबलावर आदळून म्हणाला, "बाई, हे संत्र्याचं इसेन्स आहे की पातळ दूध?" बाटल्या सगळ्या गढूळ. वर तेलाचा पातळ तवंग. ताईने एक बाटली उजेडात धरली, झाकण काढून हुंगली, आणि त्याला दुसरं खोकं देऊन, दोन गोड शब्द बोलून वाटेला लावलं. ह्यातली तिची बरोबरी मी सात जन्मांत करू शकणार नाही. मग दार लावून माझ्याकडे वळली.

"तेल वेगळं पडलंय. पाणी जास्त झालं की असं होतं. किती घातलंस?"

"लाल खुणेपर्यंत."

"सोळाच घालायचं असतं ना?"

"सोळा घालून लाल खूण येत नव्हती."

"का येत नव्हती?"

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी मी काही फोडलं की अशीच समोर उभी राहायची, कंबरेवर हात ठेवून. तेव्हा मी पळायचो.

"मी प्यायलो असणार," मी म्हणालो.

"असणार म्हणजे काय? प्यायलास की नाही?"

"प्यायलो."

ताई खुर्चीत बसली. बराच वेळ बाटलीचं झाकण लावत राहिली, लागलेलं असूनही. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडे ठेवायला लागलास तेव्हाच वाटलं होतं. म्हटलं, बघू, सावरेल." मग म्हणाली, "आता घरी जा. मी तिला फोन करते. मला करावाच लागेल रे."

घरी पोचेपर्यंत फोन झालेला होता. बायको टेबलाशी बसली होती. दार उघडंच होतं, आज ती दारापर्यंत आली नाही.

"किती प्यायलात?"

"सव्वा लिटर. दर भरणीला."

"एका वेळी?"

"हो."

"म्हणजे सव्वा लिटर स्पिरिट ढोसून तुम्ही बसमधून उभ्याने घरी आलात, मला शेंगा सोलून दिल्यात आणि शब्दकोडं पुरं केलंत?"

"मला आठवत नाही."

"शब्दकोडं आठवत नाही?"

"ते आठवतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक चुकीचं अक्षर वाचतं तेव्हा ती अशीच बघत असणार. मग आत गेली, दार लावलं आणि भावाशी फोनवर बोलली. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

रात्री मला गाढ झोप लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. का ते कळत नाही आणि त्याची लाज वाटते.

१ मार्च, शनिवार

दिवसभर अबोला. ती दुकानात गेली, मी घरी भिंती बघत बसलो. संध्याकाळी ती आली ती चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "उद्या रविवार. ताईंना सांगितलंय. मिसळणार मी, मोजणार मी. तुम्ही बाहेर बसायचं."

"कशाला? मी कबूल केलंय."

"तुम्ही कबूल केलंय, पण मला पटत नाही. तुमच्या तोंडाला वास आला असता तर मला कळलं असतं. ह्या बाबतीत माझं नाक चुकत नाही." मग म्हणाली, "जायचंच असेल तर खात्री करून जाईन. अर्धवट जायचं नाही मला."

म्हणजे जायची तयारी आहे. बाकी काय ऐकणार होतो?

२ मार्च, रविवार

कारखान्याच्या पायरीवर मी आणि ताई शेजारी शेजारी बसलो होतो. ताईने मला भिंतीकडे दाबून बसवलं होतं, चोराला धरतात तसं. बायको आत. आधी तिने माझी पट्टी तपासली, दोन वेळा. मग कॅन ओतल्याचा आवाज. मग ढवळण्याचा. मग काहीच नाही.

ती बाहेर आली तेव्हा चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि हातात ओली पट्टी.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

"सांडलं असेल," ताई म्हणाली.

"चमचाभरसुद्धा नाही, ताई. थांबा."

आत जाऊन तिने काचेचं उभं मोजपात्र आणलं, तेल मोजायचं, एक लिटरचं. आमच्या समोर पायरीवर ठेवलं. त्यात सहाशे स्पिरिट. दुसऱ्या भांड्यात चारशे पाणी. दोन्ही आकडे आम्हाला वाचायला लावले, आधी ताईला, मग मला, जणू डोळ्यांचा नंबर काढते आहे. मग पाणी स्पिरिटमध्ये ओतलं. आत सळसळ झाली, बारीक बुडबुडे वर आले.

"वाचा."

मी वाचलं. एकवीस वर्षं आकडा चुकला नव्हता. हजाराची रेघ रिकामी होती. पाणी तिच्याखाली बोटाच्या अर्ध्या पेरावर थांबलं होतं. नऊशे पंचाहत्तर.

"ताई, तुम्ही वाचा."

ताईने वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"आता सांगा," बायको म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता. "भर दिवसा तिघांच्या देखत पंचवीस मिली गेलं. कोण प्यायलं? मी? की ताई, तुम्ही?"

ताई म्हणाली, "अगं बाई."

मी मोजपात्राला हात लावला. कोमट होतं. त्यावर पत्रा नव्हता, काही नव्हतं, सावलीतल्या पायरीवर ठेवलेलं. मग मला रडू आलं. ताई पाठीवरून हात फिरवत राहिली आणि बायको समोर उभी राहून मोजपात्राकडेच बघत राहिली.

३ मार्च, सोमवार

स्पिरिट ज्या कंपनीतून येतं तिथल्या रसायनवाल्या माणसाला ताईने फोन लावला, आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलायला सांगितलं. सगळं ऐकून तो माणूस हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

तो म्हणाला, दोन द्रवांच्या मापाची बेरीज होतेच असं नाही. पाण्याचे कण एकमेकांपासून जरा अंतर ठेवून असतात, मधे पोकळ जागा राहते. स्पिरिट मिसळलं की सगळ्यांची जुनी बैठक मोडते. पाण्याच्या आणि स्पिरिटच्या कणांना एकमेकांची ओढ असते, ते जवळ जवळ बसतात, लहान कण मोठ्यांच्या मधल्या जागेत शिरतात. सगळे असतात तिथेच, फक्त कमी जागेत. तसं बसताना उष्णता बाहेर पडते, म्हणून भांडं कोमट लागतं. कोमट असताना द्रव जरा फुगलेला असतो, रात्री गार झाला की आणखी खाली बसतो.

"म्हणजे रात्री जात होतं ते…" मी म्हणालो.

"कुठेच जात नव्हतं. तुम्ही माप घेऊ नका, वजन करा. वजनाची बेरीज चुकत नाही."

शेजारच्या दुकानातून काटा आणला. स्पिरिट आणि पाणी वेगवेगळं तोललं, मग मिसळून तोललं. काटा जागचा हलला नाही. मी तीनदा केलं.

ताई म्हणाली, "अठरा वर्षं मी उडतं उडतं म्हणतेय. एवढं उडालं असतं तर आतापर्यंत छप्परही उडालं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलंच होतं, असं मी म्हणाले होते. ते मागे घेते." तिला असं बोलताना मी आजवर ऐकलेलं नाही. मी म्हणालो, जाऊ दे. पण मनातून जात नाहीये, तेही लिहून ठेवतो. ती मला सावरायला वेळ देत होती, आणि मी समजत होतो की नुसती लाडाने वागतेय. तिची चूक नाही. कबुली मीच दिली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्याकडे यायच्या ऐवजी किल्ली शोधत बसलात?"

९ मार्च, रविवार

आठवडाभर सगळं सुरळीत. गढूळ बाटल्या बदलून दिल्या, आता भरणी वजनावर होते. ताईने वरच्या कप्प्यात माझ्यासाठी वेगळा कप ठेवलाय. तिची माफी मागायची रीत ती अशी.

घरी मात्र काहीतरी राहून गेलं होतं. बायको हसत होती, बोलत होती, भावालाही फोन करून सांगितलं तिने, पण मधेच हातातलं काम ठेवून कुठेतरी बघत बसायची. आज दुपारी जेवणं झाल्यावर मी विचारलं.

"त्या दिवशी पट्टीवर चाळीस भरलं असतं तर?"

"तर गेले असते."

"मग तुला पटत नव्हतं म्हणालीस ते?"

"नव्हतंच पटत. पण खात्रीही नव्हती. खात्री असती तर घरीच बसले असते ना." भांडी पुसता पुसता ती थांबली. "एक सांगू? राग येईल तुम्हाला."

"सांग."

"ताईंचा फोन आला, तुम्ही कबूल केलंत म्हणून. तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? हायसं वाटलं. चार वर्षं रोज सकाळी उठले की वाटायचं, आज होईल. दुकानात फोन वाजला की वाटायचं, झालं. म्हटलं, झालं एकदाचं. सुटले. मग मला माझीच शिसारी आली."

मला राग आला नाही. मी म्हणालो, "मी त्या रात्री कसा झोपलो, पाहिलंस ना?"

"घोरत होतात. मी आत रडायचं म्हणून बसले होते, तर घोरण्याने रडूही येईना."

"मलाही तसंच झालं होतं. ताईपुढे 'प्यायलो' म्हणालो आणि सुटलो. कधीतरी होणारच होतं, ते होऊन गेलं. आता कोणाला काही दाखवायचं नाही, मोजायचं नाही. न प्यायलेल्या दारूने मला इतकी चांगली झोप लागली."

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "म्हणजे तुम्हीही रोज वाट बघत होतात."

"रोज."

"मला वाटायचं मी एकटीच."

"मलाही."

"आणि झालं काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं."

ती हसायला लागली. मीही लागलो. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि तो काढेचना. मी प्यायचो त्या सगळ्या वर्षांत मी तिला रडताना एकदाही पाहिलं नाही. ती आत जाऊन रडायची, किंवा माझं लक्ष नसायचं. आज माझ्यासमोर रडली, खांदे हलेपर्यंत, आणि मी शुद्धीत होतो. मला सगळं आठवतंय.